किती टिकेल?

मी स्टेपनी बोलतेय. खरं तर मी बोलायचं नाही असं ठरलं होतं. आजोबांनी माझ्या अंगावर थोपटून, ओठांवर बोट ठेवून मला बजावलं होतं, "हे बघ, तू काही पाहिलं नाहीस आणि तू कुठेही गेली नव्हतीस." टायर बोलत नसतात हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ज्याचं घरात कुणी ऐकत नाही, तो माणूस कुणाशीही बोलतो. अगदी टायरशीसुद्धा.

आतापर्यंत मी शब्द पाळला. पण आत्ता आमची गाडी घाटाच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला, पुढून डावीकडे कलून उभी आहे. माझ्या डोक्यावर माणसांची बोलाचाली चालली आहे. खरी गोष्ट माहीत असलेले आम्ही तिघं, आणि तिघंही गप्प. मी, आजोबा आणि त्यांची नात. आम्ही असेच गप्प राहिलो तर गाडीला टोचन लावून मागे नेणार आहेत. मग आजोबांची त्यांच्या बहिणीशी भेट होणार नाही. आज नाही, आणि बहुधा पुन्हा कधीच नाही.

म्हणून सांगते. हळू आवाजात, पण पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. रबराचे, कापडाचे, बारीक तारांचे थर एकावर एक गुंडाळून मला एका तापलेल्या लोखंडी साच्यात कोंडलं. अंधार, उकाडा आणि चारी बाजूंनी दाब. मला वाटलं, संपलं सगळं. पण साचा उघडला तेव्हा माझ्या अंगावर सुंदर नक्षी उमटली होती आणि बाळाच्या जावळासारखे रबराचे मऊ केस आले होते. कोंडलं तरी शेवटी दार उघडतंच, असा माझा तेव्हापासून समज झाला. पुढे तो खोटा ठरायची वेळ आली होती.

या गाडीला आम्ही पाच जणी एकदमच लागलो. चौघी चार कोपऱ्यांना आणि पाचवी डिकीत, गालिच्याखाली. मी पुढची डावी. रस्त्याची कड, गटाराची झाकणं, चुकून समोर आलेलं मांजर, सगळं सर्वांत आधी मला दिसायचं. सकाळचा थंड रस्ता आणि दुपारचा मऊ पडलेला रस्ता यांतला फरक मी डोळे मिटून सांगितला असता. पाचवीला आम्ही चिडवायचो, "काय बाई तुझी मजा! काम ना धाम, नुसतं लोळायचं." ती कधीच उत्तर द्यायची नाही. आता मला कळतंय, का ते.

गाडीतलं कुटुंब लहान आहे. ठकूचे बाबा, ठकूची आई, ठकू आणि आजोबा. ठकू हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण घरात दुसऱ्या नावाने तिला कुणी हाक मारत नाही. ती शाळेत वरच्या वर्गात आहे. बोलते इतकी हळू, की तिच्या आईला दर वाक्याला "काय गं?" म्हणावं लागतं. आजोबा पूर्वी फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायचे. पुस्तकांनी भरलेली गाडी घेऊन गावोगाव जायचे. घरी थांबायची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती.

ठकूचे बाबा माणूस चांगला, पण फार जपणारा. गाडी घेऊन इतके दिवस झाले तरी सीटवरचं प्लास्टिक त्यांनी काढलेलं नाही. उन्हाळ्यात ते पाठीला चिकटतं, उठताना चर्र आवाज होतो. ठकूची आई दरवेळी म्हणते, "अहो, आपण बसायला गाडी घेतलीय की गुंडाळून ठेवायला?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "असू दे. आतलं नवं राहतं." ते नवं आतलं अजून कुणी पाहिलेलं नाही.

मग आजोबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आतली एक झडप नीट मिटत नव्हती, ती डॉक्टरांनी दुरुस्त केली. त्या दिवसांत आम्ही सारख्या दवाखान्याच्या आवारात उभ्या असायचो. एकदा भर दुपारी ठकूचे बाबा एकटेच गाडीत येऊन बसले. काच वर केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्यासरशी हॉर्न वाजला. ते इतके दचकले की रडायचंच विसरून गेले. इकडेतिकडे पाहून त्यांनी तोंड पुसलं आणि पुन्हा आत गेले. तेव्हापासून मी त्यांच्यावर रागावू शकत नाही. पुढे त्यांनी माझं काय केलं, तरीसुद्धा.

आजोबा बरे होऊन घरी आले, आणि घराने त्यांना गुंडाळून ठेवलं. जिना नको. ऊन नको. खाली वाकणं नको. गळ्यात अडकवायला शिट्टी, काही वाटलं तर वाजवायला. डॉक्टर तपासणीच्या वेळी म्हणाले होते, "रोज चाला. दुरुस्त केलीय ती चालण्यासाठीच." पण ठकूच्या बाबांनी त्याआधी विचारून घेतलं होतं, "डॉक्टर, हे किती टिकेल?" आणि डॉक्टर हसून म्हणाले होते, "नीट काळजी घेतलीत तर पुष्कळ." त्यांनी 'काळजी' तेवढी ऐकली. 'चाला' कुठेतरी सांडून गेलं.

हे मला आजोबांच्या तोंडूनच कळलं. कसं, ते सांगते.

दवाखान्यातून परतताना एकदा एका सुताराच्या दुकानासमोरून गाडी गेली आणि माझ्या तळव्यात कळ आली. स्क्रू! डोक्यापर्यंत आत घुसला. तसा तो लगेच काही करत नाही. आपणच बूच होऊन बसतो आणि हळूहळू हवा सोडतो. घराजवळच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत मी बसकी झाले.

पंक्चरवाल्याने मला साबणाच्या पाण्याने पुसलं. बुडबुडे आले तिथे खडूने गोल केला, पकडीने स्क्रू ओढून काढला आणि त्या भोकात एक जाड, चिकट, तपकिरी दोरी दाभणाने कोंबली. चाक खोलायचं काम नाही, दोन मिनिटांचा खेळ. बाहेर आलेलं टोक ब्लेडने कापून तो म्हणाला, "झालं. पण ही तात्पुरती सोय हां. चालती ठेवा, चालून चालून गरम होते आणि बसते आत. आणि सवडीने या, आतून पॅच मारून देतो, मग बघायला नको."

"ही किती टिकेल?" ठकूच्या बाबांनी विचारलं.

"काय सांगायचं साहेब? वर्षभर टिकेल. नाही तर उद्या सकाळी पुन्हा याल."

मागच्या सीटवरून आजोबा हसले. ठकूच्या कानाशी म्हणाले, "तुझ्या बापाने डॉक्टरांनाही अगदी असंच विचारलं होतं. ह्याच आवाजात. आणि डॉक्टरांचा चेहरासुद्धा ह्या पंक्चरवाल्यासारखाच झाला होता."

पण ठकूच्या बाबांच्या कानात आता 'उद्या सकाळी' घुसलं होतं. ते म्हणाले, "नको. रिस्क नको. डिकीतली नवीकोरी आहे ती पुढे लाव आणि ही डिकीत टाक."

"अहो साहेब, पण ती स्टेपनी..."

"टाक म्हटलं ना. कुठे वापरायचीय तिला?"

बघा हं. ज्या टायरवर घराजवळच्या रस्त्यावरसुद्धा विश्वास नाही, तेच टायर अडल्या वेळेसाठी राखून ठेवलं. हे त्यांनी निष्काळजीपणाने केलं नाही. काळजीनेच केलं. पाचवी बाहेर आली, उजेडात डोळे मिचकावत माझ्या जागी जाऊन बसली. मला त्यांनी डिकीतल्या खड्ड्यात पालथं घातलं, मधून लांब बोल्ट पिळला, वर गालिचा ओढला. झाकण बंद झालं.

सुरुवातीचे दिवस मी मोजायचा प्रयत्न केला. पण अंधारात दिवस एकमेकांना चिकटतात. माझ्या उशाला जॅक आणि पाना. दोघंही अबोल. माझ्या पोटावर हळूहळू संसार साचत गेला. जुनी चादर, बॅडमिंटनची तुटकी रॅकेट, पाण्याचा कॅन, कुणाला तरी परत द्यायच्या पिशव्या. त्या पिशव्या अजूनही परत गेलेल्या नाहीत. गाडी वळली की सगळे माझ्या अंगावर घरंगळायचे. रस्ता ऐकू यायचा, पायाखाली कधी यायचा नाही. ते सर्वांत वाईट. दाराला कान लावून बाहेरचा खेळ ऐकत बसावं तसं.

आणि ती दोरी. चालायला मिळालं असतं तर गरम होऊन ती माझ्या अंगात मुरली असती. पण ती थंड पडून राहिली, कोरडी झाली आणि तिच्या कडेने माझा श्वास सुटू लागला. एकदम नव्हे. रोज थोडा थोडा. मला कळत होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं. "काही लागलं तर स्टेपनी आहे ना," असं ठकूचे बाबा कुणालातरी फोनवर सांगायचे तेव्हा तर फारच. मी आहे, पण मी रिकामी होतेय, हे कुणाला सांगणार?

अशात दुपारच्या वेळी गाडीचं दार वाजू लागलं. ठकू शाळेतून आली की किल्ली घेऊन खाली यायची आणि तिच्याबरोबर आजोबा. लिफ्टने, शिट्टीसह. गाडी चालवायची नाही, नुसतं बसायचं, एवढी परवानगी होती. ठकू मागे बसून अभ्यास करायची. आजोबा पुढे, स्टिअरिंगसमोर. इंजिन बंद. पण मला जाणवायचं, त्यांचा पाय क्लचवर जायचा. गिअर पडायचा. मग ते एकेका गावाचं नाव घ्यायचे, "आता चढ लागला... आता नदी... इथे एक मुलगी रोज पायरीवर वाट बघायची, पुस्तक उलटं धरून." गाडी एक इंचही हलत नसे, आणि प्रवास सगळा व्हायचा.

तिथेच त्यांना माईचा फोन यायचा. माई म्हणजे आजोबांची मोठी बहीण, घाटापलीकडे राहते. घरी फोन आला की ठकूची आई पाच मिनिटांत म्हणायची, "बाबा, दमाल आता." म्हणून तो गाडीत यायचा.

"काय रे बाळ्या, अजून त्या डबड्यातच बसतोस?"

"डबडं कसलं? माझं ऑफिस आहे."

"मग ऑफिसातून रजा घे आणि ये इकडे. माझे गुडघे गेले, नाहीतर मीच आले असते तुझा कान धरायला."

"येतो गं. हा म्हणतो पुढच्या महिन्यात नेतो."

"तुझ्या लेकाचा पुढचा महिना काही येत नाही बघ. आणि माझा तर संपत आलाय." मग माई म्हणाली, "लेक घेऊन चाललीय मला तिच्याकडे. विमानाने. घर बंद करायचंय. परत यायचं म्हणजे... आता या वयात कोण परत येतंय? तू येऊन जा, बाळ्या. एकदा."

आजोबांचा पाय क्लचवर होता, तो हळूच उचलला गेला.

त्या रात्री घरी काय झालं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. माईने थेट ठकूच्या बाबांना फोन लावला होता आणि झाडलं होतं, "माझा भाऊ काय काचेची बाहुली आहे, कपाटात उभी करून ठेवायला?" भाच्याचा नाइलाज झाला. रविवारी जायचं ठरलं. पण अट एकच, गाडीची सगळी तपासणी व्हायला हवी आणि जरा जरी खोट निघाली तर जाणं रद्द.

"तपासणी मी करतो," आजोबा ठकूला म्हणाले. "तुझ्या बापाच्या आधी."

त्यांनी चार चाकांवर हात फिरवला. मग डिकी उघडली. पिशव्या बाजूला झाल्या, गालिचा वर गेला, आणि माझ्यावर उजेड पडला! किती दिवसांनी! आजोबांनी अंगठ्याने मला दाबलं. अंगठा आत गेला.

"अगं, हिच्यात तर दम नाही काही."

ठकूने वाकून पाहिलं. आजोबांनी बोटाला थुंकी लावून त्या दोरीच्या टोकावर ठेवली. एक बारीक बुडबुडा फुगला आणि फुटला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कुणीतरी शेवटी विचारलं आणि मी सांगितलं.

"बाबांना सांगायचं?" ठकूने विचारलं.

"सांगितलं तर तो म्हणेल, बघा, मी म्हणत नव्हतो? जाणं रद्द."

"आणि नाही सांगितलं तर?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही सांगितलं तर घाटात हिच्या भरवशावर जायचं. तेही बरोबर नाही."

ठकू जरा वेळ नखं खात उभी राहिली. मग, इतकी हळू की मलाच ऐकू आलं असावं, म्हणाली, "पंक्चरवाला कोपऱ्यावरच आहे. मी ढकलत नेते."

"आणि ओरडा बसला तर तुला बसेल."

"तुम्ही माझं सांगायचं नाही. मी तुमचं सांगणार नाही."

असा करार झाला. तेव्हाच त्यांनी मला थोपटून ते बजावलं होतं.

आजोबांना वजन उचलायला बंदी होती, ती त्यांनी पाळली. नुसत्या सूचना दिल्या. "पाठीने नको, गुडघ्यातून ऊठ. पोटाशी धर. आता टेकव काठावर." ठकू लालबुंद झाली, तिच्या युनिफॉर्मवर माझा काळा शिक्का उमटला, आणि धप्पकन मी जमिनीवर आले.

जमीन! तुम्ही रोज तिच्यावर चालता म्हणून तुम्हाला काही वाटत नसेल. ठकूने मला उभी केली आणि हाताने ढकललं. मी आधी लटपटले, कुंपणाकडे वळले, मग जमलं. मी चालू लागले. एकीकडे ठकू आणि दुसरीकडे आजोबा. फरशी, मग खडी, मग डांबर. रस्त्यावर इस्त्रीचं दुकान होतं, चपला शिवणारा होता, एक कुत्रं माझ्यावर उगीच भुंकून गेलं. तळमजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "काय आजोबा, चाक घेऊन कुठे निघालात?"

"फिरायला. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"तुम्हाला ना?"

"दोघांनाही."

कोपरा वाटला होता त्यापेक्षा लांब निघाला. आजोबा दोनदा थांबले. एकदा ठकूने शिट्टीकडे पाहिलं, तेव्हा ते म्हणाले, "ती ट्रॅफिकसाठी आहे." ऑपरेशननंतर ते एवढं पहिल्यांदाच चालले होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मोठा होता, पण एकसारखा होता. आत बसवलेली दुरुस्ती काम करत होती.

पंक्चरवाल्याने मला ओळखलं नाही, पण त्याने ती दोरी ओळखली. "अजून हीच? मी सांगितलं होतं की." या वेळी त्याने घाई केली नाही. मला रिमवरून सोडवलं, आतला अंधार उघडा केला. जुनी दोरी ओढून काढली. भोकाभोवती आतून घासलं, धूळ उडवली, सोल्यूशन लावलं आणि ते सुकेपर्यंत नुसता फुंकर घालत बसला. मग छोट्या छत्रीसारखा एक पॅच घेतला. छत्रीचा दांडा भोकातून बाहेर ओढला, छत्री आतून घट्ट बसवली आणि छोट्या दातेरी चाकाने दाब देऊन तिची कडन्‌कड पक्की केली. दुखलं. पण ते दुखणं बरं होण्याचं होतं. हवा भरून त्याने मला पाण्याच्या टाकीत बुडवलं. तिघंही वाकून पाण्याकडे बघत राहिले. एकही बुडबुडा आला नाही.

"किती टिकेल?" ठकूने विचारलं.

"काय म्हणाली?"

"ती विचारतेय, किती टिकेल," आजोबा म्हणाले.

"टायर झिजेपर्यंत. मधेच कुशीला काही लागलं तर मात्र इलाज नाही, तिथे पॅच धरत नाही. पण एक करा, नुसती कोंडून ठेवू नका हिला. अधूनमधून हवा बघा. आणि आळीपाळीने बाहेर लावा की, बाकीच्यांसारखी तीही चालू दे."

ठकूने मान डोलावली. आजोबांनी नाही डोलावली. ते टाकीतल्या पाण्याकडे बघत होते. पाणी आता अगदी स्थिर झालं होतं.

परत जाताना ते एकदाच थांबले.

मग पुन्हा डिकी. पुन्हा बोल्ट, गालिचा, पिशव्या. पण या वेळी मी आत गेले ती पूर्ण भरून. अंधार तोच होता आणि मी तीच नव्हते. ठकूच्या बाबांनी शनिवारी गाडी तपासून आणली, तपासणाऱ्याने बाहेरची चार चाकं पाहिली आणि म्हणाला, ठीक आहे. मला कुणी पाहिलं नाही. माझ्याबद्दल कुणी विचारलंही नाही. करार पाळला गेला.

आज रविवार. सकाळी आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो प्लास्टिकच्या सीटला सारखा चिकटत होता. माईसाठी त्यांनी एक जुनं पुस्तक घेतलं होतं, तिनेच लहानपणी फाडलेलं आणि तिनेच चिकटवलेलं. "हे सांग तिला, अजून टिकलंय," असं म्हणत ते ठकूला ती चिकटपट्टी दाखवत होते. घाट दिसू लागला तसे ते गाणं गुणगुणू लागले.

आणि मग पुढच्या डाव्या बाजूला धाड! रस्त्याची तुटलेली धारदार कड. माझ्या जागी बसलेल्या पाचवीच्या कुशीला चीर पडली. बिचारी! एवढे दिवस अंधारात काढले, थोडे दिवस रस्ता पाहिला, आणि अशी लागली की जिथे दुरुस्ती नाही. मला तिला चिडवल्याचं आज फार वाईट वाटतंय.

गाडी कडेला थांबली. ठकूचे बाबा उतरले, वाकले, परत आले. मी ऐकत होते.

"संपलं. चाक गेलं."

"अहो, मग स्टेपनी लावा ना," ठकूची आई म्हणाली.

"स्टेपनी..." आणि ते एकदम थांबले. पुढचा आवाज त्यांचा वाटलाच नाही. "स्टेपनीत तीच दोरी आहे. मी पॅच मारून घेणार होतो. राहूनच गेलं. एवढी काळजी घेतो मी सगळ्याची, आणि हीच गोष्ट..."

"चेक तर करा."

"घाटात? बाबांना घेऊन? त्या टायरवर? अजिबात नाही. मी टोचनवाल्याला बोलावतो. मागे जायचं."

"आणि माई?"

तेवढ्यात आजोबांचा फोन वाजला आणि माईचा आवाज सगळ्या गाडीत घुमला, "बाळ्या! कुठे पोचलास? मी खुर्ची दारात टाकून बसलेय. उद्या या वेळेला मी विमानात असेन, लक्षात आहे ना?"

"आहे गं," आजोबा म्हणाले. "जरा... जरा थांबलोय."

बस, एवढंच. पुढे ते बोललेच नाहीत. का, ते मला कळतंय. सांगितलं तर ठकूला ओरडा बसेल, आणि तिचं नाव सांगणार नाही असा त्यांनी शब्द दिलाय. आणि ठकू गप्प आहे, कारण तिने आजोबांना शब्द दिलाय. एकमेकांना जपायला दोघांनी तोंड मिटलंय. ह्या घराची रीतच ती. आणि मी, मी तर टायर आहे. बाहेर टोचनवाल्याला फोन लागतोय. मी आतून माझ्या छत्रीवर सगळा जोर लावून सांगतेय, अगं ठकू, बोल. एकदाच मोठ्याने बोल.

"बाबा."

ऐकलंत? मी ऐकलं.

"थांब गं ठकू, फोन लागतोय."

"बाबा, फोन ठेवा!" आणि हा आवाज कुणालाही "काय गं?" विचारावं लागणार नाही असा होता. "स्टेपनीला आतून पॅच मारलाय. मी नेली होती. आजोबा चालत आले होते माझ्याबरोबर, कोपऱ्यापर्यंत, आणि परत. त्यांना काही झालं नाही. तिलाही काही झालं नाही. तुम्ही बघा तरी उघडून."

एक ट्रक जवळून गेला, गाडी हलली.

"चालत?" ठकूचे बाबा म्हणाले. "बाबा, तुम्ही चालत गेलात?"

"शिट्टी होती बरोबर," आजोबा म्हणाले.

ठकूची आई खुदकन हसली आणि मग तिने नाक ओढलं. ठकूच्या बाबांनी फोन बंद केला. सावकाश, मागे चालत आले. डिकीच्या कुलपावर त्यांचा हात पडल्याचं मला जाणवलं.

"किती टिकेल?" त्यांनी विचारलं. त्याच आवाजात. पण या वेळी ते पंक्चरवाल्याला विचारत नव्हते, डॉक्टरांनाही नाही.

"अरे," आजोबा म्हणाले, "लावून तर बघ."

झाकण उघडलं. पिशव्या रस्त्यावर गेल्या. गालिचा उचलला जातोय. वाचकहो, आता माझ्याकडे फार वेळ नाही, म्हणून एकच मागणं मागते. तुमच्या गाडीत, तुमच्या घरात, दुरुस्त करून बाजूला ठेवलेलं कुणी असेल, तर त्याला नुसतं जपू नका. अधूनमधून अंगठा दाबून बघा. त्याला विचारा, कुठे जायचंय, आणि मग...

"ठकू, बोल्ट सुटला! तू त्या बाजूने धर. गुडघ्यातून ऊठ हां. बाबा, तुम्ही नाही... बरं, तुम्ही हात लावा नुसता. घे, आली, आली बाहेर..."

...आणि मग त्याच्याबरोबर थोडं चालत जा, कारण खरं सांगू का, दुरुस्ती टिकते ती...